पेटी, पण कोणती?

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर, म्हणजे विजेवर वाजणारा कीबोर्ड आहे. जन्माने मी 'तो', पण ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या सुलोचनाताईंनी मला पेटी म्हणून 'ती' करून टाकले. या लाडक्या नावापायीच मी एकदा मरता मरता वाचलो.

माझी उमेदीची वर्षे इंग्लंडमधल्या शेफील्डला गेली. तिथल्या चार पोरांनी 'टिन अम्ब्रेला' नावाचा न्यू वेव्ह बँड काढला. गिटार एकाच्याही हाती बसेना, म्हणून मला आणले! माझ्या चार सुरांनी सुरू होणारे त्यांचे गाणे एका उन्हाळ्यात घरोघरी पोचले. केस हातभर फुगवलेली ती पोरे मला रोज मऊ फडक्याने पुसत. पण नव्याचे नऊ दिवस. १९८४च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात चौघे भांडले, बँड फुटला आणि मी इथेच राहिलो. फार वाईट वाटले.

पुढे सुलोचनाताईंचे यजमान, वॉलॉंगॉंगजवळच्या पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात काम करणारे रामदासराव, यांनी मला जुन्या वस्तूंच्या दुकानातून घरी आणले. त्यांची लेक दीक्षा माझ्यावर भीमगीते शिकली, आणि रेडिओवर ऐकलेले माझे ते चार सूरही. मग ती मेलबर्नला युनिव्हर्सिटीत शिकायला गेली आणि मी गॅरेजमध्ये, एका गंजक्या लोखंडी पेटीशेजारी.

गेल्या एप्रिलमध्ये अडगळ न्यायला ट्रक येणार होता. सुलोचनाताई हॉस्पिटलच्या शिफ्टला निघताना म्हणाल्या, "अहो, गॅरेजमधली जुनी पेटी टाकून द्या." रामदासराव हिरमुसले, पण बायकोपुढे बोलायची सोय नव्हती. त्यांनी मला रस्त्याकडेच्या गवतावर ठेवले. कोपऱ्यावर ट्रक घरघरला. माझा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात भीमजयंतीसाठी आलेली दीक्षा बॅग ओढत पोचली.

"बाबा, हिला का टाकलंस?"

"आईच म्हणाली, पेटी टाका."

दीक्षाने फोन लावला. ताई ओरडल्या, "अगं, ती लोखंडाची! वाजणारी नव्हे!"

दीक्षा ट्रकला आडवी झाली. "सॉरी मेट, ही नाही न्यायची!" असे तिने इंग्रजीत सांगितले.

"नो वरीज," म्हणत पिकल्या केसांचा ड्रायव्हर खाली उतरला. रामदासराव धावत लोखंडी पेटी आणेपर्यंत दीक्षाने मला दारापुढच्या ओट्यावर नेऊन वायर जोडली आणि ते चार सूर वाजवले. ड्रायव्हर थबकला. मग त्याने पुढची सगळी चाल शिट्टीवर वाजवली, एकही सूर न चुकता.

चाळीस वर्षांनी! मला भरून आले.

जयंतीच्या कार्यक्रमात दीक्षाने त्याच चार सुरांनी भीमगीत सुरू केले आणि अख्ख्या हॉलने ठेका धरला. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एकदा वाजवून पाहा. आणि पेटी टाका म्हणताना कोणती, तेवढे मात्र सांगा.