चार मिनिटांचा टप्पा

“तुटली! छत्तीस टक्क्यांवरच तुटली!” दादाने खुर्ची मागे ढकलली. हयात टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेलेल्या माणसाला, फाइल उतरवून बघताना, टेलिफोनच्याच लाइनने असा दगा द्यावा, हे त्याच्या जिव्हारी लागले होते.

धाकट्या बहिणीने आलेले ई-पत्र छापून त्याच्यापुढे ठेवले. ती व्हायोलिनवादक. रचनांना कात्री लावू देईना, म्हणून ध्वनिमुद्रण कंपनीशी तिचे फाटले. आता वर्गणीदार श्रोत्यांना ती दरमहा एक नवी रचना इंटरनेटवरून देई. पण या महिन्याची अकरा मिनिटांची रचना कुणाच्याच घरी धड पोहोचत नव्हती. एका परिचारिकेने लिहिले होते : तीन दिवस खटपट केली, आता माझे नाव कमी करा. अशी आणखी चार पत्रे आली असती, तर सारा खटाटोप गुंडाळावा लागला असता.

“फाइल दाबून तिसऱ्या हिश्शाएवढी करतो. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

त्याने तशी करून ऐकवली. तिने डोळे मिटले.

“दादा, खर्ज कुठे गेला?”

“थोडा जातोच. बाकी सगळं शाबूत आहे.”

“म्हणजे माणूस धडधाकट आहे, फक्त श्वास तेवढा थांबलाय!”

दादाला हसू आले आणि तो ओशाळलाही.

“लाइन न तुटता किती वेळ टिकते, ते सांग.”

“वीस मिनिटं. तेवढ्यात चार मिनिटांचं वादन उतरतं. करू का तीन तुकडे?”

“तू नको. तुझा हात तारा कापण्यात तरबेज. मी करते.”

सहा दिवस तिने रचना नव्याने बांधली. दादा घड्याळ घेऊन समोर बसे. लाइनची मर्यादा तिने तालाच्या बंधनासारखी पत्करली होती. चार मिनिटांच्या आत स्वर अशा जागी येऊन टेकत, की तिथे थांबणाऱ्याला अपुरे वाटू नये आणि तरीही पुढचे ऐकावेसे वाटावे. खर्ज जिथल्या तिथे होता.

सातव्या दिवशी सकाळी फाइली चढवताना ती मैफलीचे कपडे घालून बसली.

“अगं, इथे कोण बघतंय तुला?”

“रंगमंचावरून तरी मला कोण दिसतं? डोळ्यांवर दिवे असतात.”

संध्याकाळी परिचारिकेचे उत्तर आले. दादाने ते मोठ्याने वाचले : “दोन भाग आले. तिसऱ्याला लाइन मिळत नाही, पण घाई नाही. माझे नाव राहू द्या.”

ती उठली आणि संगणकाच्या पडद्यासमोर तिने हलकेच मान लववली. दादा टाळी वाजवणार होता; पण एवढ्याशा खोलीत एकट्याची टाळी बरी दिसणार नाही, असे वाटून तो नुसताच उठून उभा राहिला.