थोरल्याच्या तोंडची फोड

आमच्या घरात माणसावर किती प्रेम आहे ते त्याच्या तोंडात काय ओतलं यावरून ठरतं. भैय्याजी नागपूरच्या दवाखान्यातून परत आले त्या दिवशी ओसरीवर तीन नारळ फोडून ठेवले होते, मोसंबीच्या रसाचा जग होता, धाकटी जाऊ प्रतिभा हिनं केलेलं पातळ वरण होतं आणि जामसांवलीहून कुणीतरी आणलेलं तांब्याभर तीर्थ होतं. यातलं काहीच त्यांना चालणार नव्हतं. हे मी दारातच सांगितलं, आणि त्या क्षणापासून मी घरातली सगळ्यात वाईट बाई झाले.

भैय्याजी म्हणजे माझा नवरा. मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे, आणि बागेतल्या मजुरापासून पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळे त्यांना भैय्याजीच म्हणतात. ऑक्टोबरात बागेतलं गवत कापताना त्यांना डोळ्यांना दिसणारही नाही असा किडा चावला. त्याचा ताप फुफ्फुसात उतरला. डॉक्टर स्क्रब टायफस म्हणाले. अकरा दिवस घशात श्वासाची नळी होती. ती निघाली तेव्हा माझ्या दिरानं, दत्तात्रयनं, वॉर्डाबाहेर पेढे वाटले. अकरा दिवस नळी बसली की घसा आपलं काम विसरतो, हे तेव्हा कुणी बोललं नाही. मोठे डॉक्टर रोज येऊन पलंगाच्या पायथ्याशी अर्धं मिनिट उभे राहायचे, "बढिया है" म्हणायचे आणि पुढच्या पलंगाला बढिया म्हणायला जायचे.

खरं काय ते अमिता मॅडमनी सांगितलं. गिळायला शिकवणारी ती एक बारकीशी मुलगी होती. एवढ्या मोठ्या दवाखान्यात तिला बसायला खुर्ची नव्हती, म्हणून ती पलंगाच्या कडेला टेकून बोलायची.

"काकू, पाणी फार पळतं. काकांचा घसा अजून हळू चालतो. दार लागायच्या आत पाणी श्वासनळीत शिरतं आणि तिथून फुफ्फुसात. म्हणून सगळं घट्ट द्यायचं. पाण्यातसुद्धा ही घट्ट करणारी पावडर घालायची. ताठ बसवायचं, हनुवटी खाली, अर्धा चमचा, दोनदा गिळायला लावायचं."

"ठसका लागला की थांबायचं ना?"

"हेच सगळे चुकतात. काकांना ठसका लागेलच असं नाही. नळीनं आतली जाणीव बधिर केली आहे. न खोकता खाली जाईल. प्रत्येक घासानंतर 'आ' म्हणायला लावा. आवाज ओला आला, घशात पाणी खेळल्यासारखा, तर तिथंच बंद."

मी ते सगळं वहीत लिहून घेतलं. दवाखान्याच्या छापील कार्डावर मात्र या सगळ्याचे दोनच शब्द झाले: सॉफ्ट डायट.

कार्ड दत्तात्रयनं वाचलं. तो पांढुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे घरात कागद आला की तो त्याच्याकडे जातो.

"सॉफ्ट म्हणजे नरम," तो चष्मा वर करत म्हणाला. "पाण्याहून नरम काय असते, वहिनी?"

"भाऊजी, मॅडमनी पाणी बंद सांगितलं आहे."

"लिवलं कुठी आहे? डॉक्टरची सही आहे याच्यावर. तुमच्या मॅडमची आहे काय?"

मॅडमची सही नव्हती. सही करायला मॅडमला कुणी कार्ड दिलंच नव्हतं.

मग भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. प्रत्येकाला आमच्या पेशंटला पाहायचं नव्हतं, पाजायचं होतं. हातात ग्लास घेऊन आलेला माणूस तो रिकामा झाल्याशिवाय उठत नाही. मी ग्लास काढून घेत असे, आणि समोर बसून पावडर घातलेलं, लापशीसारखं घट्ट पाणी चमच्यानं भरवत असे. हनुवटी खाली, गिळा, परत गिळा, आ म्हणा. एक वाटी संपायला अर्धा तास लागायचा. लोक ते असं पाहायचे, जसं काही मी त्यांच्या भैय्याजीला खळ पाजते आहे.

सावरगावहून केसरआत्या आल्या. भैय्याजींची सख्खी आत्या, वय पंच्याहत्तर, आवाज पंचवीसचा. आठ दिवस राहायच्या तयारीनं आलेल्या.

"हे काय चारून राहिली तू त्याले?"

"पाणी आहे, आत्याबाई. घट्ट केलेलं."

"पाणी घट्ट करतेत कोठी? मरणाऱ्याच्याबी तोंडात चांगलं पाणी घालतेत बाई. इथं जित्याले देत नाही."

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की पुढचे आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते ताजं करून मिळालं. भैय्याजी पलंगावर पडून ऐकायचे. त्यांना पाणी हवं असायचं. रात्रंदिवस हवं असायचं. माठावर ओगराळं आपटलं तरी त्यांचे डोळे तिकडे वळायचे. ते मागायचे नाहीत, आणि मी त्यांच्याकडे पाहायचे नाही.

एक दिवस मी औषध आणायला सौंसरला गेले. परत आले तर प्रतिभा दारातच हसत उभी होती.

"वहिनी, घाबरता कायले तुमी? म्या चहा देला भैय्याजींले. पूरा कप पेले. एक ठसका नाही आला."

मी आत गेले. "आ म्हणा," म्हटलं. ते म्हणाले. आवाज भिजलेला होता.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. सौंसरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजवीकडे खाली पांढरं दिसत होतं ते बोटानं दाखवलं. पाच दिवस इंजेक्शनं झाली. "इस बार बच गये," ते म्हणाले. "फिरसे गया तो फिर नली. और इस हालत में नली लगी, तो निकलेगी या नहीं, मैं नहीं बोल सकता."

घरात त्या तापाचं कारण वारा लागला असं ठरलं. आत्यांनी खिडकी लावून घेतली आणि आपला मुक्काम तोडीपर्यंत वाढवला. प्रतिभा स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता रडत होती, तेवढंच मी पाहिलं. मी कप कुणाचा होता ते कुणाला सांगितलं नाही. तिनं तो प्रेमानंच दिला होता. आमच्याकडे माणसं प्रेमानंच मारतात.

तोवर डिसेंबर आला आणि संत्र्याचा आंबिया बहार पिकला. बागेतला माल आशिष नावाच्या पांढुर्ण्याच्या तरुण व्यापाऱ्याला दिला होता. फळतोडीचा दिवस ठरला. आणि आमच्या घरात तोडीचा एक नियम आहे, आजेसासऱ्यांपासूनचा. विहिरीजवळच्या झाडाचं पहिलं फळ घरच्या थोरल्यानं खायचं. त्याच्या तोंडात फोड गेली की मगच बाकीच्यांनी झाडाला हात लावायचा. गेल्या वर्षी भैय्याजींनी अख्खं संत्रं खाल्लं होतं, बिया व्यापाऱ्याच्या बुटावर थुंकून "आंबट निघालं तं परत कर" म्हणाले होते.

संत्र्याबद्दल अमिता मॅडमना मी मुद्दाम विचारलं होतं. संत्र्याच्या घरात आणखी काय विचारणार. त्या म्हणाल्या होत्या, "काकू, संत्रं सगळ्यात शेवटी. रस पळतो आणि चोथा मागं राहतो. दोन्ही एकदम सांभाळणं काकांच्या घशाला सगळ्यात अवघड."

"या वर्षी भाऊजी खातील," मी जेवताना म्हणाले.

दत्तात्रयचा घास हातातच राहिला. केसरआत्यांनी ताट पुढे सरकवलं.

"थोरला जित्ता असताना धाकल्यानं फोड खाल्ली असं आमच्या घरात झालं नाही. तुह्या सासऱ्यानं खाल्ली तेव्हा त्याच्या थोरल्या भावाची तेरवी झाली होती. लोकं काय समजतीन? भैय्या मेला?"

"एक फोड आहे, वहिनी," दत्तात्रय म्हणाला. "चांगला शगुन राहते."

"सातवीच्या पुस्तकात श्वासनळीचं चित्र आहे ना, भाऊजी? तुम्हीच शिकवता."

"ते परीक्षेसाठी आहे," तो म्हणाला, आणि त्यात चुकीचं काही आहे असं त्याला वाटलं नाही.

मग पलंगावरून भैय्याजी बोलले. नळीनंतर त्यांचा आवाज सुपातले दाणे घोळावेत तसा झाला आहे, पण बोलले स्पष्ट. "खातो मी. एका फोडीनं काय मरतो काय."

"आणि मेलात तर?"

"तं दत्तू खाईन."

आत्यांना हसू आलं, दत्तात्रयलाही. मला नाही आलं. मी वाटी उचलून आत गेले.

तोडीच्या सकाळी विहिरीपाशी त्यांच्यासाठी खुर्ची मांडली. बारा-पंधरा मजूर फळं भरायच्या रिकाम्या कॅरेटवर बसून होते. आशिष मोबाइलवर कुणाला तरी "बस, पाँच मिनट" म्हणत होता. आत्यांनी जरीची किनार असलेलं लुगडं नेसलं होतं. प्रतिभा सगळ्यांच्या मागं, झाडाच्या बुंध्याला धरून उभी. दत्तात्रयनं संत्रं सोललं, शिरा काढल्या, बी काढली, आणि एवढी काळजी घेतली की आता त्या फोडीनं धोका देणं कृतघ्नपणाच ठरला असता.

मी खुर्चीसमोर जमिनीवर बसले. "मान खाली ठेवा," म्हटलं. आणखी काही म्हणण्यासारखं उरलं नव्हतं. फोड हातातून हिसकावून घेतली असती तर सगळ्यांदेखत त्यांना मेलेलं ठरवणारी मीच झाले असते.

त्यांनी फोड तोंडात घातली.

पंधरा-वीस माणसं एका कंठाकडे पाहत होती. भैय्याजींनी एकदा चावलं. ओठाच्या कोपऱ्यातून रस आला. त्यांची मान खालीच होती आणि डोळे वर, माझ्यावर. या माणसाबरोबर मी एकतीस वर्षं राहिले, पण ते भ्यालेले मी कधी पाहिले नव्हते. दवाखान्यात नळी होती तेव्हा ते शुद्धीत नव्हते, नाहीतर तिथं पाहिले असते. कंठ वर उचलला गेला, अर्ध्यात थांबला, परत खाली आला. तोंडात रस होता आणि तो आत सोडायची त्यांची हिंमत होत नव्हती.

त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. मी ओंजळ पुढे केली. ते वाकले आणि तोंडातलं सगळं माझ्या ओंजळीत सोडलं. चघळलेली फोड, रस, लाळ.

"थुकलं?" आत्या म्हणाल्या. "पहिली फोड थुकली यानं?"

"मले गिळता येत नाही, आत्या." ते अजून वाकलेलेच होते. "नळी काढली तेव्हापासून येत नाही. पाणीबी येत नाही. हे बाई मले उपाशी ठेवून राहिली नाही, जगवून राहिली."

आत्यांनी पदर तोंडाला लावला. रडण्यासाठी की बोलणं थांबवण्यासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

"दत्तू, तू खा."

"दादा, असं कसं? तुमी असताना..."

"मी असतानाच खा. मी पाहून राहिलो ना तुयाकडे? मेलेला माणूस पाहते काय?"

आशिषनं मोबाइल खिशात घातला. "खा लो मास्टरजी," तो म्हणाला. "गाड़ी खड़ी है."

दत्तात्रयनं फोड घेतली. डोळे भरून आले होते, नाक वाहत होतं, अशात त्यानं ती घाईघाईनं तोंडात टाकली आणि त्याला ठसका लागला. लाल होईपर्यंत खोकला, वाकला, गुडघ्यावर हात टेकून खोकला. प्रतिभा धावत येऊन पाठीवर थापट्या मारायला लागली. मी जागची हलले नाही. इतका छान, सणसणीत, जाग्या घशाचा ठसका मी दोन महिन्यांत ऐकला नव्हता, आणि मला त्याचा हेवा वाटला.

"शगुन झाला," भैय्याजी म्हणाले. मजूर हसले आणि उठले.

आत्या दुपारच्या गाडीनं सावरगावला गेल्या. आता गावभर त्या, मी नवऱ्याच्या तोंडात बोटं घालून फळ बाहेर ओढलं असं सांगून राहिल्या आहेत. ऐकणाऱ्यांना पटतं आहे म्हणे.

त्या सकाळी मात्र त्या पदर तोंडाला लावून उभ्याच होत्या. भैय्याजींच्या गालात, दातांच्या फटीत संत्र्याचे तंतू राहिले होते. चूळ भरायला पाणी देता येत नव्हतं. मी पदराचं टोक विहिरीच्या पाण्यात बुडवलं, घट्ट पिळलं, बोटाला गुंडाळलं आणि सगळ्यांसमोर त्यांचं तोंड आतून पुसायला घेतलं. आधी हिरड्या, मग जिभेखाली, मग गालाचा कोपरा. डोक्यावर फांद्या हलायला लागल्या होत्या, कॅरेट भरायला लागले होते. त्यांनी तोंड उघडंच ठेवलं.