चौथ्या भागाला लागलेली साखर

मित्रांनो, मी एक जुना चौथा भाग आहे. कडेगावच्या एका लहानशा वाचनालयात धुक्यातल्या किल्ल्याच्या गोष्टीचे आम्ही पाच भाग शेजारी शेजारी राहतो. गोष्टीतला सारंग रोज किल्ल्यावरचे दिवे लावतो आणि वारे वळणारी केतकी मुद्दाम फुंकर घालून ते विझवते. तीन भाग नुसतं भांडण! माझ्यात मात्र डोंगरात वाट चुकल्यावर सारंग तिला आपली अर्धी भाकरी देतो. शेवटच्या पानावर ती दरीपलीकडेच राहून जाते आणि मी संपतो. पुढे काय झालं, हे मलाच ठाऊक नव्हतं. पाचवा शेजारीच होता, पण मिटलेलं पुस्तक बोलत नाही.

१९९४च्या मे महिन्यात सातवीतल्या आम्रपालीने मला घरी नेलं. ओट्यावर तिची आई आक्काताई आणि शेजारच्या शालूबाई बियाण्यासाठी शेंगा फोडत आणि ती मोठ्याने वाचे. पुढच्या वेळी पाचव्याबरोबर मलाही आणायचं, असं तिने ठरवलं होतं. मागचं विसरलं तर बघायला. मला कोण आनंद झाला!

अर्धी भाकरी आली तशा शालूबाई उठल्याच.

"अर्धी भाकरी दिली म्हंजी ठरलंच की गं! साखर आण."

सगळ्यांच्या तोंडात साखर पडली. "आन् नवरानवरीला?" म्हणत त्यांनी एक चिमूट थेट माझ्या पानावर ठेवली. असा मान कुठल्या पुस्तकाला मिळतो? मुंग्या आल्या तरी माझा तोरा उतरला नाही.

उतरला तो वाचनालयात. ग्रंथपाल नानासोंनी पान उघडलं, तर चिकट डाग आणि मेलेल्या मुंग्या.

"पुस्तक हाय का मिठाईचं दुकान? पाचवा भाग न्हाई मिळायचा."

आम्रपालीचे डोळे भरले. माझा तर धीरच सुटला. आता मला शेवट कोण ऐकवणार?

दुसऱ्या दिवशी दोघी बायका पदराला टरफलं तशीच घेऊन हजर झाल्या.

"आवं नानासो, साखर मी ठेवली. पोरीला कशाला बोलताय?" शालूबाई म्हणाल्या. "आन् ठरल्यालं लगीन आसं मदीच आडवत्यात व्हय?"

"कुणाचं लगीन?"

आक्काताईंनी मला टेबलावरून उचलून डागाचं पान पुढे केलं. नानासो उभ्याउभ्या वाचू लागले, मग खुर्चीत बसले. समोरचा चहा निवून गेला. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "न्या दोनी. पर साखर तोंडात, पानावर न्हाई. आन् वाचाया कवा बसताय, तेवढं सांगा."

मग रोज संध्याकाळी ओट्यावर नानासोसुद्धा शेंगा फोडू लागले. मी आक्काताईंच्या मांडीवर असायचो. अखेर पाचव्याचं शेवटचं पान आलं. सारंगने बुरुजावर दिवा लावला. केतकी आली. आता ही विझवणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण सुटलेल्या वाऱ्यात तिने त्या ज्योतीभोवती दोन्ही हातांचा आडोसा धरला. बस्स. ना हातात हात, ना एक गोड शब्द.

मग आक्काताई हळूच म्हणाल्या, "झालं गं. लागलं लगीन."

शालूबाई साखरेला उठल्या आणि नानासोंनी मला पटकन छातीशी धरलं. मी इतका हसलो की शिवण उसवते की काय, असं वाटलं.

मित्रांनो, पुस्तकाला साखर भरवू नका. मुंग्या खरंच चावतात. शेवटचं पान आधी उघडू नका. सगळं भांडण ऐकलं, तरच तो आडोसा कळतो. आणि आम्हा भागांची ताटातूट करू नका. वाचून झालं की पाचव्याला माझ्या शेजारीच ठेवा. त्याचा शेवट मला आता पाठ आहे, तरी तो शेजारी असला की बरं वाटतं.