एवढं मोठं धूड ठेवायचं कुठे?

मी तंजावरचा तंबोरा बोलतोय. कोपऱ्यातून बोलतोय, पण दबून बोलतोय असं कुणी समजू नये.

मिरजेचे माझे भाऊबंद तुम्हाला ठाऊक असतीलच. त्यांचं पोट भोपळ्याचं. मी मात्र पोटापासून गळ्यापर्यंत फणसाचा, म्हणून अंगाने जड आणि स्वभावाने त्याहून जड. ज्या कारागिराने मला कोरलं तो माझ्या पोटावर टिचकी मारून म्हणाला होता, "हा कुणाचं ऐकून घेणार नाही." हे कौतुक होतं की वैताग, ते मला अजून कळलेलं नाही. मी आपलं कौतुक समजून चाललो.

मला विकत घेतलं मायवरमच्या एका शाळामास्तरांनी, त्यांच्या मुलीसाठी. तिचं नाव पट्टू. परकर-ओढणीतली ती पोर मला मांडीवर उभा धरायची आणि माझ्या गळ्याला गाल टेकून डोळे मिटायची. तिची बोटं तारांवरून फिरली की मला वाटायचं, जन्माचं सार्थक झालं. सांगायला लाज कसली, माझा जीव जडला होता तिच्यावर.

एका वर्षी तिला मद्रासहून गाण्याचं बोलावणं आलं. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, त्या शहरात गाण्याशिवाय दुसरं काही नसतंच. मैलापूरच्या गल्लीगल्लीत सभा, म्हणजे गाण्याच्या मैफली भरवणारी मंडळं, सभेसभेत सकाळपासून गाणं, आणि गाण्याइतकीच गर्दी शेजारच्या कॅन्टीनमध्ये. पट्टूला दुपारची वेळ मिळाली होती. पण कार्तिकात तिला पाहायला पाहुणे आले, मार्गळीनंतरच्या तै महिन्यात लग्न ठरलं, आणि मधली मार्गळी कोरडी गेली. सासरी जायच्या दिवशी तिने मला गवसणीत घातलं, उचललं आणि दारापर्यंत आणलं. तिची सासू म्हणाली, "दोन खोल्यांचं बिऱ्हाड आमचं. एवढं मोठं धूड ठेवायचं कुठे?"

पट्टूने माझ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि मला भिंतीला टेकवून ती गाडीत जाऊन बसली.

झालं. तांदळाच्या कणगीमागे माझी रवानगी झाली. तारा गंजल्या, पालीने माझ्या आडोशाला संसार थाटला. मी मात्र राग धरून बसलो. लाकूड वाळतं, राग वाळत नाही.

मला बाहेर काढलं ते अभिरामीने, पट्टूच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे वैत्तीच्या मुलीने. लपाछपी खेळताना ती कणगीमागे शिरली आणि मला घेऊनच बाहेर आली. नव्या तारा चढल्या, जवारी लागली, आणि मी पुन्हा बोलायला लागलो. गाणं शिकताना तिच्या मैत्रिणी हसायच्या. सगळ्यांकडे ती विजेवरची पेटी होती, बटण दाबलं की षड्ज. कानामागून आली आणि तिखट झाली! पुढे तर षड्ज फोनमध्येच येऊन बसला. अभिरामी सांगायची, "फोन मला सूर देतो. हा मला सुरात ठेवतो." फरक ज्याला कळतो त्याला कळतो, बाकीच्यांशी मी वाद घालत नाही.

आणि मग तिलाही बोलावणं आलं. मैलापूरची एक सभा, बुधवार, दुपारी बारा. तिला ही वेळ का मिळाली ते ऐका. बुधवारी बारा ते दीड राहुकाळ. त्या वेळात पहिलं पाऊल टाकायला बाकीच्या पोरी तयार नव्हत्या. अभिरामी म्हणाली, "राहूला गाणं आवडत नाही असं कुठे लिहिलंय?" आणि तिने होकार कळवला.

आता प्रश्न उरला राहायचं कुठे. मोसमात मद्रासमध्ये बिऱ्हाड शोधणं म्हणजे मुंग्यांच्या वारुळात आडवं व्हायला जागा मागणं. एका मुलींच्या वसतिगृहात फोन केला. तिथल्या बाईने विचारलं, "वाद्य आहे? मग नाही. गाणार? मग तर नाहीच." तिच्याबरोबर व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीने दुसरी जागा सुचवली. कोमळा मामी म्हणून एक बाई सभेच्या कॅन्टीनला इडली-पोंगल पुरवायच्या, त्यांच्या कोठाराच्या वर एक खोली होती. आणि तिसरी जागा होती नंगनल्लूरला, मैलापूरहून अर्ध्या तासावर, पट्टूअत्तैचं घर. अत्तै म्हणजे तुमची आत्याच.

"सख्खी बहीण असताना माझी मुलगी इडलीवाल्यांच्या माळ्यावर राहणार?" वैत्ती कडाडला. "लोक तोंडात शेण घालतील."

"अप्पा, अत्तै मला राहायला बोलावत नाहीये. स्थळ दाखवायला बोलावतेय. गेल्या वर्षापासून माझ्या पत्रिकेच्या मागे लागलीय ती."

"अगं वेडे, मार्गळीत कोण मुलगी पाहतं? सगळा महिना देवाचा. मार्गळीत तर आत्याकडे निर्धास्त राहावं!"

तिलाही ते पटलं. आमच्याकडे मार्गळीत लग्नाचा शब्दसुद्धा काढत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणून ती गाफील राहिली. मी नाही राहिलो, पण मला विचारतो कोण?

रेल्वेच्या वरच्या बाकावर तिच्या कुशीत निजून मी मद्रासला आलो. दार पट्टूनेच उघडलं. केस पिकलेले, नाकात हिऱ्याची चमकी, हाताला हिंगाचा वास. तिने अभिरामीला पोटाशी धरलं आणि मग तिची नजर माझ्यावर पडली.

"हा अजून आहे?"

आहे तर! तुला काय वाटलं, सरपणाला गेलो?

तिने मला फ्रिजच्या आणि चपलांच्या कपाटाच्या मध्ये उभं केलं. माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. तिचा नवरा, नटेशन, पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "पहाटे गाऊ नकोस हं बाळ. खालच्या मजल्यावर सेक्रेटरी राहतात." मग अभिरामी टॉवेल तोंडाशी धरून गायची. गळ्यातलं गाणं टॉवेलात शोषलं जाताना मी ऐकलंय. असलं ऐकायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

मंगळवार उजाडला. उद्या गाणं. दुपारी स्वयंपाकघरातून तुपात रवा भाजल्याचा वास आला. अभिरामीने वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने तेलाचा चर्र आवाज झाला आणि कच्च्या केळ्याच्या भज्यांचा वास त्यात मिसळला. ती ताडकन उठली. नुसता सोज्जी, म्हणजे तुमचा शिरा, असता तर गोडाचं जेवण म्हटलं असतं. नुसत्या बज्ज्या असत्या तर थंडी आहे म्हटलं असतं. पण सोज्जी आणि बज्जी एका ताटात म्हणजे काय, हे तमिळ मुलीला सांगावं लागत नाही. तुमच्याकडे कांदेपोहे, तसंच हे.

"अत्तै, कोण येतंय?"

"कुणी नाही गं. ओळखीचे लोक. कॉफीला."

"मार्गळीत?"

"म्हणूनच तर कॉफीला! पाहायला नव्हे. तू एक गाणं म्हण, ते ऐकतील, झालं. चांगली माणसं आहेत. नाही म्हणायला काय आहे त्यात?"

"नाही म्हणायला माझा उद्याचा गळा आहे."

"उद्या राहुकाळात गाणार, त्याचं एवढं काय?"

पाहुणे पाच वाजता आले, मंगळवारचा राहुकाळ टळल्यावर, मोजूनमापून. मुलगा सज्जन दिसत होता, सोज्जीच्या बशीला घाबरून बसला होता. बोलत होती ती त्याची आई, निळ्या रेशमात. अभिरामीने भांडण टाळलं, मला मांडीवर घेतलं आणि सूर लावायला लागली.

"अय्यो, हे कशाला? फोनवर लाव ना पेटी," बाई म्हणाल्या. "गाणं घरात असावं, मला आवडतं. नवरात्रात बाहुल्या मांडल्या की दोन गाणी म्हणायची. स्टेजबिज कशाला हवं लग्नानंतर? आणि तुला म्हणून सांगते, आमचा फ्लॅट नवा आहे. एवढं मोठं धूड ठेवायचं कुठे?"

मी पट्टूकडे पाहिलं. ती कॉफी ओतत होती. वाटीतून पेल्यात पडणारी धार मोडली आणि कॉफी तिच्या बोटांवर सांडली. तिने हात मागे घेतला नाही.

अभिरामी गायली नाही. तिने माझ्या तारांवर हात ठेवून त्या थांबवल्या आणि ती बाईंकडे वळली. "मामी, बरं झालं विचारलंत. हे जिथे राहील तिथेच मी राहते. तुमच्याकडे जागा नाही, तर माझीही सोय नाही." मग बशीतली एक बज्जी उचलून तोंडात टाकली. "बज्जी छान झालीय अत्तै." आणि ती मला गवसणीत घालायला लागली.

"कुठे निघालीस?" नटेशन उभा राहिला. "बाहेर लोक काय म्हणतील?"

"बाहेर गेल्यावर विचारते त्यांना."

पट्टू सांडलेली कॉफी पुसत राहिली. तेव्हाही अशीच मला सोडून गाडीत जाऊन बसली होती. मला वाटलं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे पीळच नव्हता.

रिक्षातून मान बाहेर काढून मी मैलापूरला पोचलो. कोमळा मामी पदर खोचून दारात उभ्या होत्या. त्यांनी आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हा एवढाच आहे की याचा भाऊ पण येणार आहे?"

"एवढाच, मामी. पण मला पहाटे गायचं असतं."

"गा की. पहाटे माझा ग्राइंडर सुरू होतो. तो कुणाची परवानगी घेतो? खिडकीशी ठेव त्याला. तांदळाच्या पोत्यांना टेकवू नकोस, दमट असतात."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला ठेवायची जागा आपण होऊन सांगितली. खोलीला हिंगाचा वास होता, छत इतकं खाली की माझं डोकं लागत होतं. पण त्या पहाटे खाली ग्राइंडर घरघरत होता, गल्लीतून भजनवाले चालले होते, बाया दारात रांगोळ्या काढत होत्या, आणि अभिरामी टॉवेलाशिवाय गात होती. खालून मामी ओरडल्या, "पोंगल तयार आहे! थोडं मोठ्याने गा, ऐकू येत नाही!"

बारा वाजता पडदा उघडला. समोर पंधरा-वीस माणसं, त्यांतली निम्मी जेवून पेंगणारी. माझ्या मागे बसून तारा छेडायला कुणी नव्हतं. सभेचा माणूस म्हणाला, "पेटी लावतो." अभिरामी म्हणाली, "नको." एका हाताने ताल, एका हाताने मी, आणि वर गळा. पहिलं गाणं कसंबसं पार पडलं. दुसऱ्या गाण्यात ताल सांभाळताना मी सुटायला लागलो. माझा षड्ज उतरला. मी जीव तोडून ओरडत होतो, पण तार उतरली की उतरली. तिच्या कपाळावर घाम आला, आवाज चाचपडायला लागला, आणि पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून कॅन्टीनकडे निघाला.

तेव्हा, पाऊण वाजायच्या सुमारास, बाजूच्या दारातून पट्टू आली. घरातल्या साध्या सुती साडीत, धापा टाकत. नंगनल्लूरहून यायला लागणारा वेळ पाहता, ती निघाली तेव्हा राहुकाळ लागलेलाच होता. राहुकाळात उंबरा न ओलांडणारी बाई! ती चपला काढून सरळ मंचावर चढली आणि अभिरामीच्या मांडीवरून मला ओढून घेतलं.

"अत्तै..."

"गप्प गा. तुझ्यासाठी नाही आले. षड्ज उतरलाय, रस्त्यापर्यंत ऐकू येतंय."

तिने खुंटी पिळली, मणी सरकवला, आणि माझ्या गळ्याला गाल टेकला. मी ठरवलं होतं, हिने पुन्हा हात लावला तर तार तोडून घेईन. इतक्या वर्षांचा राग होता तो. पण भाजलेली ती बोटं तारांवरून फिरली आणि माझ्या पोटातून असा सूर निघाला की कॅन्टीनकडे निघालेला म्हातारा दारातून परत फिरला. मग काय राग आणि काय काय! अभिरामी गायली. ती कशी गायली ते मी सांगणार नाही, घरच्याने घरच्याची स्तुती करू नये. पेंगणारे मात्र ताठ बसले होते.

गाणं संपल्यावर पट्टू भाचीला म्हणाली, "चल, राहतेस कुठे ते दाखव." जिना चढून वर आली. पोती पाहिली, खिडकी पाहिली, खिडकीशी माझी जागा पाहिली. आणि कोमळा मामींना विचारलं, "आणखी एक चटई मिळेल का?"

संध्याकाळी नटेशनचा फोन आला. त्याचा आवाज फोनमधून खोलीभर ऐकू येत होता. "घरी कधी येतेस? कॉफीची पूड कुठे आहे?"

"डब्यात."

"डबा कुठे आहे?"

"शोधा. मार्गळी संपली की येते."

आता दर मार्गळीला आम्ही तिघं त्याच माळ्यावर उतरतो. पट्टू मागे बसून मला छेडते, अभिरामी गाते, आणि अधूनमधून नटेशनही येतो, खाली बसून पोंगल खातो. सेक्रेटरी काय म्हणतात ते आता तो सांगत नाही. पट्टू मंचावर गात नाही, गळा गेला म्हणते. पहाटे ग्राइंडरच्या आवाजात ती काय करते ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या पोटाला एक चीर गेलीय, अजून फार वर्षं टिकेन असं नाही. पण जाताना एवढं बजावून जाईन. बायांनो, पोरींनो, चार दिवसांसाठी असो की जन्मासाठी, कुठे राहायचं हे ठरवायची वेळ आली की आधी पलंग पाहू नका, पंखा पाहू नका, नातं तर मुळीच पाहू नका. दारात उभं राहून विचारा, माझं हे धूड कुठे ठेवू? आणि समोरच्याने तोंड वाकडं केलं, तर त्या भिंतीला मला टेकवू नका. मला उचला आणि पुढे चला.