कुंडावरची मतपेटी

थोरलीबाई परमुलखात लेकाकडे आल्या त्या दोन कामांसाठी. सुनेचं बाळंतपण काढायचं आणि नातीचा बाप्तिस्मा डोळ्यांनी बघायचा. पहिलं काम झकास झालं. दुसऱ्यासाठी पाळकसाहेबांनी रविवार दिला होता, आणि सोमवारी सकाळी बाईंचं परतीचं विमान.

शनिवारी लेक तोंड पाडून घरी आला.

"आई, उद्या जमत नाही. चर्चमध्ये मतदान आहे."

"चर्चमध्ये?"

"इथे असंच असतं गं. एवढी मोठी जागा जवळपास दुसरी नाही."

"आपल्याकडे पुढारी मतांसाठी चर्चच्या पायरीपर्यंत येतात. इथे थेट पेटीच आत? आणि पाळकसाहेबांनी पाट मांडला?"

"पुढच्या महिन्यात करू म्हणाले."

"हो का! आणि मी बाप्तिस्मा फोटोत बघू?"

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर थोरलीबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, नातीला शालीत गुंडाळलं आणि निघाल्या. मागे लेक, त्याच्या मागे पदराआड हसणारी सून. दाराशी ही लांबलचक रांग. रांगेशिवाय कुणाला आत सोडेनात, म्हणून बाई रांगेत उभ्या राहिल्या. लेक पाळकसाहेबांना शोधायला धावला.

रांगेत धक्का नाही, बुक्का नाही, कुणाला मत देणार याबद्दल चकार शब्द नाही.

"काय गं ही माणसं!" त्या सुनेला म्हणाल्या. "आपल्याकडे एवढ्या वेळात रांगेतच दोन सरकारं पडली असती."

आत गेल्या आणि पाय थबकला. वेदीवरच्या क्रुसावर पांढरी चादर. मतदानाच्या जागी कुठलंच चिन्ह दिसता कामा नये म्हणे. आणि पेटी? ती बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या झाकणावर, ऐसपैस! एका बाकाच्या दोन टोकांना दोन पक्षांचे एजंट, एकमेकांकडे पाठ करून, रुसलेल्या जावांसारखे.

टेबलामागच्या अधिकारी बाईने कागद मागितला. थोरलीबाईंनी नातच पुढे केली. एवढ्यात लेक पाळकसाहेबांना घेऊन आला आणि घाम पुसत दोन्हीकडचं भाषांतर करून सांगू लागला.

"हिचं मतदानाचं वय व्हायचंय अजून," अधिकारी बाई हसली.

"मत नको, कुंड हवंय. पेटी उचला."

"मतदान संपेपर्यंत पेटी हलणार नाही. कायदा आहे."

"कधी संपतं?"

"सहाला. पण पेटी न्यायला गाडी येईपर्यंत तिला सोडून आम्हाला जाता येत नाही. सगळे इथेच बसणार."

"बसा की! माझ्या नातीला माणसांचं वावडं नाही."

पाळकसाहेब डोकं खाजवत म्हणाले, "आजी, असं आजवर कधी झालं नाही."

"पाळकसाहेब, सरकारचं ऐकून तुम्ही क्रूस झाकलात. आता म्हातारीचं ऐकून कुंड उघडा."

लेकाने हे भाषांतर करताना डोळे मिटून घेतले. पाळकसाहेबांनी मात्र खाली बघत हळूच मान हलवली.

सहा वाजता पेटीला सील लागलं. ती बाकावर दोघा एजंटांच्या मधे ठेवली. दोघांनी तिच्यावर एकेक हात ठेवला, उगाच दुसऱ्याने पळवू नये म्हणून. कुंडाचं झाकण निघालं, पाणी ओतलं. पाळकसाहेबांनी आधी आईबापांना विचारलं आणि मग रिवाजाप्रमाणे जमलेल्या सगळ्यांना, "या लेकराला विश्वासाच्या वाटेवर सांभाळाल का?"

सगळे म्हणजे कोण? आजी, अधिकारी बाई आणि हे दोघे. कुणी बोलेना. इथवर येऊन बाप्तिस्मा अडतो की काय! थोरलीबाईंनी आपलं "हो" खणखणीत म्हटलं आणि बाकाकडे अशा नजरेने पाहिलं की तिला भाषांतर लागलं नाही.

"हो," एक एजंट पुटपुटला.

दुसरा मागे कसा राहील? "हो!" तो चौपट आवाजात म्हणाला. अधिकारी बाईनेही हळूच हो मिळवला.

गार पाणी डोक्यावर पडलं, नातीने टाहो फोडला. थोरलीबाईंनी पदराने तिचं कपाळ टिपलं. डोळे पुसायला पदर पुरला नाही ते वेगळं.

"त्या दोघांना सांग," त्या लेकाला म्हणाल्या, "हे भाषणातलं वचन नव्हे. हे पाळायचं असतं."

"आई, असू दे ना."

"सांगतोस की मी खुणा करून सांगू?"

लेकाने सांगितलं. दोघे एजंट पोट धरधरून हसले, आणि हसता हसता दोघांचेही हात पेटीवरून सुटले.