नळयोजनेची पाहणी

नरडाण्याच्या अलीकडच्या त्या गावात झुलाल आबांची सरपंचकी होती, आणि पाणी मात्र नव्हतं. बाया कोसभर लांब नदीत झिरा उकरून घागरी भरत. भरल्या घागरीने दरड चढताना आबांची सून प्रमिला पडली आणि सातव्या महिन्यात पोटातलं गेलं. तिचे वडील तोताराम असोद्याहून येऊन तिला घेऊन गेले. जाताना एवढंच म्हणाले, "गावात नळ आला की न्यायला या." त्यांचं काय चुकलं? काहीच नाही.

१९९१च्या उन्हाळ्यात बातमी आली, परदेशी बँकेच्या कर्जातून नळयोजना होणार. पैसा सगळ्या गावांना पुरणार नव्हता. साहेब लोक येऊन गरज बघणार, मग यादी ठरणार. आबांना हायसं वाटलं. त्यांच्या गावाइतकी गरज होती कुणाला!

आणि इथेच शहाण्यांनी माती खाल्ली. साहेब येणार म्हणजे गावाच्या लेखी पाहुणे येणार. चार दिवस बायांनी दुप्पट खेपा केल्या. गल्लीभर सडे पडले, रांजण काठोकाठ भरले, पोरंसोरं न्हाऊन चकचकीत झाली. जीप थांबताच आबांनी स्वतः साहेबांच्या पायांवर तांब्याने पाणी घातलं, सरबत पाजलं. गोऱ्या साहेबांनी दुभाष्याकरवी विचारलं, पाण्याची अडचण कितपत आहे? आता पाहुण्यासमोर घरातलं उणं काढायचं?

"पाव्हणास्ले पाणीनी काय कमी शे, साहेब!" आबा हसून म्हणाले. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

श्रावणात यादी लागली. गावाचं नाव नव्हतं. आबा धुळ्याच्या कचेरीत धावले. कारकुनाने अहवाल उघडून दाखवला. रस्त्यांवर सडे, रांजण भरलेले, पाणी पुरेसे.

"साहेब, ते पाणी बायास्नी डोकावर वाही आणेल व्हतं!"

"मग तसं सांगायचं ना, सरपंच. आता पैसा वाटून झाला. पुन्हा कधी येईल, देव जाणे." कारकून वाईट नव्हता. त्याने आबांना बसायला खुर्चीही दिली.

घरी जाऊन पोराला कोणतं तोंड दाखवणार? आबा जळगावच्या एस.टी.त बसले आणि संध्याकाळी असोद्याला उतरले. तोताराम ओट्यावरच होते. सासरे दिसताच प्रमिला आत पळाली, ती पत्र्याची पेटी भरूनच बाहेर आली. यादी लागल्याचं तिच्या कानावर होतं, तीत गावाचं नाव नसल्याचं नव्हतं.

आबांचा जीव तुटला. एक शब्द खोटा बोलले असते, तर पोर उभ्या पावली निघाली असती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"व्याही, पोरले आठेच, तुमनापाशी ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तिनाकरता दुसरं घर देखा."

प्रमिला पेटी घेऊन उभीच होती.