पुठ्ठ्याचा वारा

बाबांचं छपाईचं दुकान बंद होऊन सहा महिने झाले होते. घरात छापण्यासारखं काही नसल्यामुळे त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवरची लेबलं सरळ करायला घेतली होती. एकदा सरळ केली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी आईने लेकीला निर्वाणीचं सांगितलं, "यांना कुठेतरी घेऊन जा, नाहीतर मी जाते."

लेक त्यांना आपल्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. अगदीच आईवर उपकार म्हणून नव्हे, तिलाही गरज होती. पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाची शाई बनवायची, ती काचेच्या पट्टीवर छापायची आणि वाळलेल्या थरात वीज सोडून हिरवा उजेड काढायचा, हे तिचं काम. पण काचेवरून शाई ओढणारं पातं रेघा पाडत होतं. चाळीस वर्षं स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीवर शाई ओढलेल्या बाबांनी पात्याकडे एक डोळा बारीक करून पाहिलं, ते एवढंसं कलतं केलं आणि रेघा गेल्या. पहिल्याच दिवशी सकाळी अकरा वाजता बाबांचं काम संपलं.

तरी ते रोज येत राहिले. कोपऱ्यात त्यांना एक स्टूल मिळालं आणि पुष्कळ नियम मिळाले. शाईला दमट हवा सोसत नाही, म्हणून तिच्याजवळ श्वास सोडायचा नाही. शाईत शिसं आहे, म्हणून ती चिमटीत धरून जोखायची नाही. "आम्ही छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांवरच लहानाचे मोठे झालो," असं बाबांनी सांगून पाहिलं, पण कुणी मनावर घेतलं नाही. कशालाही हात लावणार नाही, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं गेलं. त्यावरही लेक दिवसातून दहादा म्हणे, "बाबा, तुम्ही फक्त बसा." आयुष्यभर उभं राहून काम केलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही, हे तिच्या गावीही नव्हतं.

रेघा गेल्या, पण दुसरंच दुखणं निघालं. छापलेली पट्टी दोन मिनिटं तशीच ठेवून मग गरम तव्यावर घ्यायची, तर तोवर थर पांढुरका आणि डागाळलेला होई. प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या मॅडम, यांनी मुदत दिली. गुरुवारी त्यांच्यासमोर लागोपाठ तीन पट्ट्या चांगल्या निघाल्या तर छपाईचं यंत्र लेकीकडे, नाहीतर शेजारच्या गटाकडे. यंत्र गेलं की तिची तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

मंगळवारी लेकीने दोन पट्ट्या छापल्या आणि तेवढ्यात फोन आला म्हणून ती बाहेर गेली. ओली छपाई समोर पडलेली आणि आपण हाताची घडी घालून बसायचं, हे बाबांच्या रक्तात नव्हतं. दुकानात प्रत्येक ओल्या कागदावर ते वारा घालत. त्यासाठी जुन्या कॅलेंडरचा एक पुठ्ठा होता. दुकान गेलं, पुठ्ठा पिशवीत राहिला. बाबांनी तो काढला, नियम आठवून श्वास रोखला आणि दोन्ही पट्ट्यांवर झपझप वारा घातला. लेक परत आली तेव्हा ते स्टुलावर साळसूदपणे बसले होते.

त्या पट्ट्या तव्यावरून उतरल्या त्या आरशासारख्या. थर तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली धरल्यावर कडेपासून कडेपर्यंत एकसारख्या हिरव्या उजळल्या. लेक हरखली आणि लगेच हवालदिल झाली, कारण हे कशामुळे झालं ते कळेना. तिने शाईची बाटली तपासली, तव्याचं तापमान तपासलं, काच धुतलेला साबणही तपासला. बाबांनी मिठाची गुळणी धरली. बोललो तर स्टूल जाणार आणि पुन्हा डबे आपल्या वाट्याला येणार, याची त्यांना खात्री होती.

बुधवारी तिने नऊ पट्ट्या छापल्या. सगळ्या पांढुरक्या. घरी जाताना ती इतकंच म्हणाली की चूक माझ्याच हातात आहे, मला छापता येत नाही. बाबांनी तिथेच बोलायला हवं होतं. ते बोलले नाहीत आणि त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

गुरुवारी मोठ्या मॅडम आल्या. पहिली पट्टी छापली, दोन मिनिटं ठेवली, तव्यावर घेतली. पांढुरकी. मॅडमनी चष्मा काढून पुसायला घेतला. लेकीचा चेहरा पडलेला पाहिला आणि बाबा उभे राहिले.

"मंगळवारी मी वारा घातला होता," ते म्हणाले आणि पिशवीतून पुठ्ठा काढून दाखवला.

लेक कानापर्यंत लाल झाली.

"श्वास नाही सोडला मी," बाबा घाईने म्हणाले, "तुझ्या आईची शपथ."

मॅडमनी चष्मा पुन्हा घातला. वाऱ्याच्या झोताने थर झटपट वाळवायची रीत आहेच, म्हणाल्या. त्याचं यंत्र मागवायचं दोन वर्षांपासून चाललंय.

"काका, आत्ता घाला बरं."

लेकीने छापलेल्या पुढच्या तीन पट्ट्यांवर बाबांनी वारा घातला. किती वेळा हात हलवता, असं मॅडमनी विचारलं तेव्हा त्यांना उत्तर देता येईना, कारण श्वास रोखल्यामुळे ते जांभळे पडले होते. मग दूर जाऊन दम घेत म्हणाले, "मोजत नाही. कडेची ओली चकाकी मेली की थांबायचं."

तिन्ही पट्ट्या तव्यावरून उतरल्यावर खोलीतले दिवे घालवले आणि मॅडमनी टॉर्च धरली. तीन हिरव्या चौकटी अंधारात लखलखल्या. बाबा बघतच राहिले. आजवर छापलेलं सगळं वाचायला दिवा लावावा लागे. ही छपाई बघायला दिवे घालवावे लागले होते.

दिवे लागले. यंत्र इथेच राहील, असं सांगून मॅडम गेल्या. लेक वहीत लिहीत होती, आणि वर न बघता म्हणाली, "काल नऊ पट्ट्या वाया घालवल्यात माझ्या. कळलं असतं तर मी रडले नसते."

बाबा खालमानेने आपल्या कोपऱ्याकडे वळले. स्टुलावर हातमोज्यांचा खोका ठेवलेला होता.

"बसताय कुठे?" लेक म्हणाली. "अजून सहा पट्ट्या आहेत."